कुंदाताईंपुढे खोटं टिकायचं नाही

कुंदाताई गेल्याचं मला नर्सरीच्या गेटपाशी कळलं. ओवीचा एक बूट चिखलात रुतला होता, मी वाकून तो काढत होते, तेवढ्यात फोन आला, इथल्या मराठी मंडळातल्या एका काकूंचा. म्हणाल्या, कुंदाताई पहाटे गेल्या, हॉस्पिसमध्ये. मला हॉस्पिस म्हणजे काय तेच माहीत नव्हतं, शेवटचे दिवस काढायला ठेवतात ती जागा, हे नंतर कळलं. आठवड्यापूर्वी तर कुंदाताई फोनवर बोलल्या माझ्याशी, ओवी भाजी खाते का, हे कामावर वेळेवर जातात का, सगळं विचारलं. पोटात कॅन्सर होता म्हणे, चार महिने. कुणालाच सांगितलं नव्हतं...

खरं सांगायचं तर माझ्या मनात पहिली गोष्ट कुंदाताईंची आलीच नाही. मनात आलं, आता ह्यांचं काय होणार. लाज वाटते लिहायला, पण तसंच आलं.

कुंदाताई नागपूरच्या. नर्स म्हणून इंग्लंडला, ब्रिस्टलला आल्या तेव्हा माझ्या आईचंही लग्न झालेलं नव्हतं. नंतर त्या इथल्या एका युनिव्हर्सिटीत लागल्या. दारू, गोळ्या, पावडर, ह्याच्या नादी लागलेल्यांना सांभाळायचं काम. पोरंच असं नाही, तिथे शिकवणारे असोत, झाडू मारणारे असोत, कुणीही जायचं त्यांच्याकडे. आमचे हे तिथल्याच मोठ्या किचनमध्ये कुक आहेत. प्रोफेसर लोकांच्या जेवणावळी होतात, टेबलांवर अर्ध्या अर्ध्या बाटल्या उरतात, आणि त्या आवरता आवरता ह्यांचं सुरू झालं. आधी कामावर, मग घरी, मग सकाळी चहाच्या आधी.

मी नववीपर्यंत शिकलेली, कराडच्या बाजूची. मला दारूवरचा एकच उपाय माहीत, आमच्याकडे सगळे करतात तो. एका शनिवारी सकाळी ह्यांना देवापुढे बसवलं, ओवीला मांडीवर दिली, ह्यांचा हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि म्हटलं, घ्या शपथ, आजपासून एक थेंब नाही. हे रडले. घेतली शपथ. आणि पाळली हो... पाळली, तेच तर झालं.

रविवारी हात थरथरायला लागले. घाम, उलट्या. भिंतीवर मुंग्या चढतायत म्हणाले, एकही मुंगी नव्हती. मला वाटलं, चला, विष बाहेर पडतंय, बरंच आहे. लिंबूसरबत करून दिलं. सोमवारी सकाळी हातातला कप पडला, त्याच्यामागे हे पडले, दात आवळलेले, अंग ताठ, तोंडाला फेस. मी ओवीला पलंगावर टाकली आणि नाइन नाइन नाइनला फोन केला, काय बोलले मला आठवत नाही.

ॲम्ब्युलन्समधली बाई विचारत होती, दारू पितात का, किती पितात. मी म्हटलं, नो, नो ड्रिंक. दोनदा विचारलं, दोनदा तेच सांगितलं. ह्यांच्या नोकरीवर आमचा व्हिसा, नोकरी गेली की सगळेच परत. आणि कुणीतरी सांगून ठेवलं होतं की घरात बाप दारुडा निघाला तर इथले लोक पोर काढून नेतात. त्या एवढ्याशा जागेत माझ्या डोक्यात हे सगळं एकदम. समोर नवरा निळा पडतोय आणि मी नो ड्रिंक, नो ड्रिंक...

हॉस्पिटलच्या ए अँड ईमध्ये, तातडीचे पेशंट नेतात तिथे, बसून मी कुंदाताईंना फोन लावला. एकदाच भेटलो होतो, हळदीकुंकवाला, तेव्हा माझा फोन स्वतःच्या हातात घेऊन त्यांनी नंबर टाकून ठेवला होता. अर्ध्या तासात आल्या. पायात घरातल्या सपाता, गळ्यात युनिव्हर्सिटीचं कार्ड. माझ्या शेजारी बसल्या आणि सरळ विचारलं, किती घेतो तो? मी म्हटलं, आता नाही घेत ताई, शपथ घातलीय.

"कधी घातलीस?"

"शनिवारी."

त्यांचा चेहरा उतरलेला मी तेव्हा पहिल्यांदा बघितला. म्हणाल्या, "अगं, रोज पिणाऱ्याची अशी एकदम नाही तोडायची. त्यानंच फिट आलीय. आत डॉक्टरांना काय वाटतंय, मिरगी. जा, सांग त्यांना."

मी म्हटलं, तुम्ही सांगा ना, तुमचं इंग्लिश चांगलं आहे. तर म्हणाल्या, "मी नाही सांगणार. बायको तू आहेस. मी शेजारी उभी राहते."

मी आत गेले आणि माझ्या तोडक्यामोडक्या इंग्लिशमध्ये सांगितलं, रोज पीत होते, शनिवारी मी बंद केली. डॉक्टरनं माझ्याकडे बघितलं पण नाही, वळून नर्सला औषधाचं नाव सांगितलं. पोरीला कोणी नेलं नाही. व्हिसाचं कोणी विचारलं नाही. बाहेर येऊन मी भिंतीला टेकून रडायला लागले, तर कुंदाताई म्हणाल्या, "रड, पण आधी पोरीची नॅपी बदल, मघापासून वास मारतोय." आणि ओवीच्या पिशवीतलं बिस्कीट काढून अर्धं तिला दिलं, अर्धं स्वतः खाल्लं. नंतर लिफ्टमध्ये हळूच म्हणाल्या, तुला कुणी सांगितलंच नव्हतं ना, मग तुझी चूक नाही. आता मी सांगितलंय. पुढच्या वेळी मात्र तुझी.

मग प्रत्येक गुरुवारी हे त्यांच्याकडे जायला लागले. किचनच्या मॅनेजरला ह्यांनी स्वतःच सांगितलं, कुंदाताई नुसत्या बाजूला बसून होत्या. कामावरून काढलं नाही. सकाळच्या ब्रेकफास्ट शिफ्टला टाकलं, तिथे पोहोचतात ती अंडी आणि बीन्स, बाटल्या नाहीत. दीड वर्ष हे नीट होते.

कॉलेज सुरू व्हायच्या आठवड्यात, फ्रेशर्स वीकला, कुंदाताई मुलांच्या हॉस्टेलबाहेर टेबल मांडायच्या. दुपारपासूनच मुलं झिंगलेली असायची. पाण्याच्या बाटल्या, टोस्ट, एक जुनं ब्लँकेट. मी ओवीला बाबागाडीत घालून पाणी वाटायला जायचे. एखादा गवतावर आडवा दिसला की कुंदाताई त्याला कुशीवर वळवून मराठीतच म्हणायच्या, "उठा जावईबापू, लग्न लागलंसुद्धा." त्याला काय कळणार, पण उठून बसायचा. मुलांना त्या एकच सांगायच्या, घेणार असाल तर एकट्यानं घेऊ नका, आणि दोस्त पडला तर पळून जाऊ नका, फोन करा, फोन केला म्हणून तुम्हाला कोणी काढून टाकणार नाही. मला ते पटायचं नाही. एकदा म्हटलंच, ताई, ही तर तुम्ही परवानगीच दिली. त्यांनी बाटलीचं झाकण उघडून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "समज देण्यासाठी माणूस आधी जिवंत लागतो गं."

आणि हीच बाई स्वतःचं दुखणं चार महिने गिळून बसली. सगळ्या जगाला सांगा, सांगा म्हणणारी. मला राग येतो. अजून येतो. मला सांगितलं असतं तर मी निदान पेज तरी करून नेली असती...

त्यांच्या शेवटच्या कार्याला हे आले होते, मागे उभे होते, बोलले नाहीत. मला वाटलं दुःखामुळे. तीन आठवड्यांनी, एका रविवारी, भांडी घासताना हे दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "कुंदाताई गेल्या त्या दिवसापासून रोज घेतोय." मी नळ बंद केला. ओवी समोरच खेळत होती, वाटलं तिला उचलावं आणि परत शपथ... नाही उचललं. विचारलं, किती? म्हणाले, अर्धी बाटली. कुठे आहे? कपाटात, हिवाळ्याच्या जॅकेटात.

सोमवारी सकाळी त्यांना घाम फुटायला लागला. मीच कपाटातून बाटली काढली आणि माझ्या हातानं ग्लासात ओतली, थोडी, अगदी बेतानं, आणि नवऱ्यापुढे ठेवली. एकदम तोडायची नाही, ताईंनी सांगितलं होतं. मग तिघंही बसनं युनिव्हर्सिटीत गेलो.

कुंदाताईंच्या खोलीत आता एक तरुण पोरगी बसते, इथलीच, कानात तीन तीन बाळ्या. मला वाटलं, हिला काय कळणार. तिनं आधी केटल लावली. मग समोरची वही मिटली, पेन ड्रॉवरमध्ये टाकलं आणि ड्रॉवर बंद केला. म्हणाली, कुंदानं शिकवलंय, पहिला चहा संपेपर्यंत काही लिहायचं नाही. ह्यांनी मान खाली घातली. मग तिनं विचारलं, आज सकाळी काही घेतलंय का? हे म्हणाले, हो, थोडी. कुणी दिली, तिनं विचारलं.

ओवी टेबलाखाली. माझ्या शेजारी ह्या वेळी कोणी उभं नव्हतं.

मी म्हटलं, "आय. आय गेव."

तिनं चहाचा कप माझ्याकडे सरकवला. पेन अजून ड्रॉवरमध्येच होतं.