टाकीवरचं नाव आणि अकरा पार्ट

आबांच्या फटफटीसाठी मी अकरा नवे पार्ट आणले आणि त्यांतला एकही बसला नाही.

मी धुळ्यात हायस्कूलवर विज्ञान शिकवतो. मला राग लवकर येतो हे मला मान्य आहे. पण तो विनाकारण येतो असं जे आमच्या घरात बोललं जातं, ते साफ खोटं आहे! कारण असतं. या वेळी तर अकरा होती.

आधी सांगतो, फटफटीची एवढी घाई का होती. आमच्या खानदेशात आखाजी म्हणजे माहेरवाशिणींचा सण. (पंचांगात तिला अक्षय तृतीया म्हणतात.) लेकीबाळी माहेरी येतात, झोके खेळतात, आमरस आणि मांडे खातात, आणि त्यांना आणायला भाऊ जातो. त्या भावाला मुराळी म्हणायचं. माझी आत्या पारोळ्याला असते. तिची सगळी गल्ली तिला अक्का म्हणते, म्हणून आम्हीही अक्काच म्हणतो. चाळीस वर्षं आबा, म्हणजे माझे वडील, तिला आणायला ह्याच फटफटीवर गेले. आवाज आला की गल्ली ओट्यावर येऊन ओरडायची, "अक्काना मुराळी उना!" मग आबांचे गुडघे गेले आणि त्याच वर्षी फटफटीही गेली. गेल्या आखाजीला मी भाड्याची गाडी धाडली, चांगली एसीवाली! अक्काने ती रिकामी परत पाठवली. फोनवर म्हणाली, "डायवर मना भाऊ शे का? फटफटी येई, तवय मी येसू."

त्या दिवशी आबांनी रसाची वाटी बाजूला सारली, "भूक नही" म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. बहिणीशिवाय त्यांची ती पहिली आखाजी. मला ते बघवेना, आणि मला काही बघवेनासं झालं की माझं डोकं फिरतं. पुढच्या आखाजीला अक्का फटफटीवरच येणार, असं मी तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं.

या वर्षी आखाजीला तीन आठवडे उरले, तेव्हा आमच्या कोपऱ्यावरच्या भिकन मिस्त्रीला बोलावलं. त्याने गाडीभोवती दोन चकरा मारल्या.

"सर, कार्बोरेटर धुतो, प्लग बदलतो. बाकी कशाला हात लावू नका."

"हात लावू नको? अरे, ही क्लच वायर बघ, गाठी मारलेली! हा सायलेन्सर बघ, तारेने बांधलाय!"

"चालत होतं ना पण."

"चालत होतं म्हणजे काय? सगळं नवं टाकायचं!"

खाटेवरून आबा म्हणाले, "आरे, ऐकी ले जरा, ती गाडी..."

"आबा, तुम्ही आराम करा!"

जुने पार्ट मी स्वतः पान्याने उपसले, गोणीत भरले आणि भंगारवाल्यासाठी दारात ठेवले. टाकीवरचं कंपनीचं नाव अजून वाचता येत होतं. ते वहीत उतरवलं आणि जळगावची बस पकडली.

जळगावात जुन्या गाड्यांच्या पार्टचं एक दुकान आहे. मी वही पुढे केली. शेठने तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. "ह्याच गाडीचे ना? आहेत. एकदम ओरिजनल, सर. सेम टू सेम!"

सेम टू सेम! क्लच वायर हँडलला दोन वेढे देऊनही उरली. ब्रेक शू ड्रममध्ये जाईना. पॅकिंगची भोकं एकीकडे आणि बोल्ट दुसरीकडे. मी अंगणातूनच फोन लावला.

"शेठ, ब्रेक शू मोठा आहे!"

"थोडा घासा, बसून जाईल."

"पॅकिंगची भोकं जुळत नाहीत!"

"थोडी घासा."

"आणि क्लच वायर लांब आहे! तीपण घासू का?"

"नाही, नाही," शेठ शांतपणे म्हणाला. "ती कापा."

मी चार दिवस कानस घेऊन बसलो. घासून घासून ब्रेक शू एवढा झिजला की ड्रममध्ये खुळखुळायला लागला. मग दोनदा तो सगळा लोखंडी बाजार पिशवीत घालून बदलून आणायला जळगावला गेलो. चैत्रातलं ऊन, बसची खिडकी आणि मांडीवर सायलेन्सर! कंडक्टरने विचारलं, "सर, ह्याचं लगेज तिकीट?" (मी त्याला जे उत्तर दिलं ते मागच्या सीटवरच्या एका पालकाने ऐकलं. त्यांचा मुलगा माझ्याच वर्गात आहे, एवढंच सांगतो.)

शेवटी एकदाचं सगळं कोंबून, ठोकून बसवलं. फक्त सायलेन्सर मागे जायच्याऐवजी बाजूला वळला होता, आणि त्या बाजूला बाजेवर माझ्या बायकोच्या, सुनंदाच्या, कुरडया वाळत होत्या. तीन दिवस गहू भिजवून, पहाटे उठून चीक शिजवून केलेल्या!

"अहो, आधी कुरडया उचलू द्या!"

"एका किकचं तर काम आहे!"

आठव्या किकला गाडीचा मोठा बार झाला. किक खाली गेली ती वर आलीच नाही. सायलेन्सरमधून काळा लोट निघाला आणि सरळ बाजेवर गेला. तो खाली बसला तेव्हा कुरडया काळ्या होत्या आणि गाडी बंद होती. सुनंदाने एक कुरडई उचलली, माझ्या नाकासमोर धरली आणि विचारलं, "ही तळू का तुमच्यासाठी?" त्यानंतर ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

"आरे, मी काय म्हनस..." आबांनी सुरुवात केली.

"आबा, नंतर! आधी त्या शेठला बघतो!"

आखाजी चार दिवसांवर आली होती. मी नवे पार्ट पुन्हा उपसले, टेम्पो ठरवला आणि फटफटीच उचलून त्यात घातली. म्हटलं, दुकानासमोर उभी करतो, होऊ दे तमाशा! आबा म्हणाले, "मी बी येस," आणि माझी वाट न बघता पुढच्या सीटवर जाऊन बसले.

जळगावात मी अकराच्या अकरा पार्ट शेठच्या काउंटरवर आदळले. "हे पार्ट आहेत? हा दरोडा आहे! ग्राहक मंचात खेचतो तुम्हाला! म्हाताऱ्या माणसाची आखाजी नासवता, लाज नाही वाटत?" माणसं जमली. माणसं जमली की मला जास्त चांगलं बोलता येतं, म्हणून मी आणखी दहा मिनिटं बोललो. शेठने सगळं ऐकून घेतलं. मग उठला, काउंटरवरची किक आणि क्लच वायर उचलली आणि बाहेर उभ्या असलेल्या एका गिऱ्हाइकाच्या गाडीकडे गेला. त्या गाडीच्या टाकीवर तेच नाव होतं. किक खट्कन बसली. वायर टोकाला टोक जुळली.

"घासावं लागलं का, सर?" त्याने विचारलं.

मग तो टेम्पोत चढला. आमच्या फटफटीखाली वाकला, मागून पाहिलं, पुढून पाहिलं, आणि जरा काळजीनेच म्हणाला, "सर, टाकी बरोबर आहे. बाकी गाडी कोणती आहे?"

"म्हणजे?"

"इंजिन दुसऱ्या कंपनीचं आहे. पुढचं चाक तिसऱ्या. अन् हा ब्रेकचा ड्रम तर मला गाडीचाच वाटत नाही."

"जिनिंगना शे," पुढच्या सीटवरून आवाज आला.

आबा जन्मभर कापसाच्या जिनिंग फॅक्टरीत फिटर होते. फटफटीचा जो पार्ट गेला, तो त्यांनी हाताला येईल त्या लोखंडातून घडवला आणि बसवला. टाकी गळायला लागली तेव्हा चाळीसगावच्या भंगारातून भलत्याच गाडीची टाकी आणून टाकली. आणि त्या टाकीवरचं नाव वाचून मी दोन आठवडे जळगाव डोक्यावर घेतलं होतं!

"आबा! मग सांगितलं का नाही तुम्ही?"

"दोन हप्ता जयात, तेच सांगी ऱ्हायनू!" आबा कडाडले. "तू बोलू देशी तवय ना!"

जमलेली सगळी माणसं हसली. मीच आणलेला टेम्पोवालाही हसला. मी शेठची माफी मागितली, पण तीसुद्धा जरा मोठ्यानेच मागितली गेली. (तरी मी म्हणतो, "घासा" म्हणायची त्याला काय गरज होती?) त्याने चहा पाजला.

परतीच्या वाटेवर पहिल्यांदाच माझा राग माझ्यावर निघत होता. "आबा, तुमचे जुने पार्ट तर भंगारात गेले. आता अक्काला काय सांगू मी?" 

"गोनी मना खाटखाले शे," आबा खिडकीबाहेर बघत म्हणाले.

"काय? मग भंगारवाल्याने काय नेलं?"

"तुना डंबेल. तू कोठे हात लावस त्यासले!"

गाठी मारलेले, तारेने बांधलेले, जिनिंगमधून आलेले सगळे पार्ट भिकनने एका दुपारी परत चढवले. एकालाही कानस लागली नाही. दुसऱ्या किकला फटफटी बोलली. आबा खुर्चीत ताठ बसले आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसत राहिले. त्यांना चालवणं शक्य नव्हतं. मुराळी म्हणून मलाच जावं लागलं.

पारोळ्यात गल्ली ओट्यावर आली. अक्का पिशवी घेऊन दारात उभीच होती. तिने आधी फटफटी पाहिली, मग मला.

"मना भाऊ कोठे शे?"

"गुडघे चालत नाहीत त्यांचे. या वर्षी मुराळी मी."

तिने पिशवी हँडलला अडकवली. पदर खोचून मागे बसली. वाटेत मी तिला शेठ, कंडक्टर, कुरडया, ऊन आणि समोरून येणारे ट्रक, ह्या सगळ्यांबद्दल माझं मत सविस्तर सांगितलं. धुळे आलं तरी माझं मत संपलं नव्हतं.

आबा ओट्यावर होते. अक्का उतरली आणि सरळ जाऊन त्यांच्या दोन्ही गालांवरून हात फिरवून तिने कडाकडा बोटं मोडली. आबांनी त्या दिवशी तीन वाट्या रस खाल्ला. भिकनही पंगतीत होता.

"कसा व्हता मुराळी?" आबांनी बहिणीला विचारलं.

"माप तुनंच शे," अक्का म्हणाली. "पन तोंड मोठं शे. जरा घासनं पडी."

म्हणजे आबांनी तिला फोनवर घासण्याचं सगळं आधीच सांगून टाकलं होतं! मी भडकलो. चांगलं सणसणीत उत्तर द्यायला तोंड उघडलं. तेवढ्यात सुनंदाने माझ्या एकट्याच्या ताटात तळलेली काळी कुरडई वाढली आणि गोड आवाजात विचारलं, "भिकनभाऊ, कानस आणलीय ना?"

तोंड उघडंच होतं. मी कुरडई उचलून त्यात कोंबली. न घासता बसली.