वखारीतली जर्मन प्रार्थना

शाळा सुटायच्या सुमारास हानाबाई फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. अंगावर दवाखान्यातला पांढरा पोशाख तसाच होता. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मास्तर, पाद्रीसाहेब गेले. उचलायला माणसं बघायला हवीत." या गोष्टीला महिना होऊन गेला. ज्या माणसाने या गावात स्वतः प्रार्थनेची मंडळी उभी केली, त्याला खांदा द्यायला माणसं शोधावी लागली, हे लिहिताना आजही मान खाली जाते.

चौदा सालच्या महायुद्धानंतर जर्मनांना पुन्हा या देशात येऊ देऊ लागले, तेव्हा लिंडनरसाहेब पाद्री म्हणून रत्नागिरीत आले. उंच, किंचित वाकलेले, उन्हाने लगेच लाल होणारे. माझ्याकडे मराठी शिकायला येत. गावाबाहेरच्या कौलांच्या कारखान्यात तेव्हा काही जर्मन कुटुंबं होती, आणि दवाखान्यात जर्मन नर्स हानाबाई. इंग्रज अजून त्यांच्याकडे शत्रू म्हणूनच बघत, आणि हे जर्मन एकमेकांकडेही फारसे जात नसत. साहेबांनी मांडवीला खोबऱ्याची एक रिकामी वखार मिळवली, स्वतः भिंतींना चुना लावला, फणसाच्या लाकडाची बाकं करून घेतली. पहिल्या नाताळला मला मागे बसवलं. खवट खोबऱ्याचा वास अजून गेला नव्हता. हानाबाई पेटी वाजवत होत्या, आणि कारखान्याचा मॅनेजर, एरवी मजुरांवर खेकसणारा दांडगा माणूस, गाता गाता रडत होता. मला शब्द कळत नव्हते... पण परमुलखात आपली भाषा कानावर पडली की माणसाचं काय होतं, ते त्या दिवशी बघितलं.

काही वर्षं सुखाने गेली. मग तिकडे जर्मनीत ज्यूद्वेष्ट्यांचं राज्य आलं आणि त्याचं वारं मांडवीपर्यंत आलं. हानाबाईंचे वडील ज्यू होते हे मॅनेजरने कुठून तरी शोधून काढलं. बाईंचा बाप्तिस्मा तान्हेपणीच झालेला. पण यापुढे त्या वखारीत आल्या तर आम्ही येणार नाही, असं त्याने साहेबांना बजावलं. मंडळी मोडेल या भीतीने साहेब बाईंच्या घरी गेले आणि काही दिवस घरीच प्रार्थना करा, असं सांगून आले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "हे देवाला विचारून आलात, की मॅनेजरला?"

पुढच्या रविवारी पेटीवर दुसरंच कुणी होतं.

हे सगळं मला साहेबांनीच सांगितलं, माझ्या पडवीत बसून. "मास्तर, मंडळीतल्या प्रत्येक घरातलं मूल त्या बाईने पहिल्यांदा हातात घेतलंय. आणि मी तिला घरी बस म्हणालो." आमच्या देवळाची पायरी कुणाकुणाला चढू देत नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी तो विषय काढला नाही, म्हणून मला जास्तच ओशाळल्यासारखं झालं.

त्यानंतर एका रविवारी मी मागे बसलो असताना उपदेश मध्येच थांबवून साहेब हळू आवाजात काहीतरी बोलले. हानाबाईंचं नाव मला ऐकू आलं. मॅनेजर उठला, मागोमाग बाकीचेही उठले, आणि वखार रिकामी झाली. साहेब माझ्याजवळ आले आणि बोलले ते मराठीत सांगितलं: पाप माझ्या हातून घडलं आहे, आणि ती बाई इथे बसेपर्यंत इथे प्रार्थना होणार नाही. तसेच आम्ही दोघं बाईंच्या घरी चालत गेलो. दारातच त्यांनी माफी मागितली. बाई म्हणाल्या, "आत या, चा घ्या. पण तिथे मी यायची नाही."

वखारीचं भाडं कारखाना भरत असे, ते त्याने थांबवलं आणि वखार गेली. जवळच एका खोलीत राहून ते मुलांच्या शिकवण्या घेत. कुणी उपदेशाला बोलावलं तर म्हणत, तो अधिकार मला राहिला नाही. पुढे छातीचं दुखणं लागलं. हानाबाई रोज येऊन औषध देत, अंग पुसत; साहेब डोळे मिटून घेत. एकदा मी म्हटलं, बाईंनी आता ते मनात ठेवलेलं नाही. ते म्हणाले, "मी ठेवलंय."

मांडवीचे दोन खारवी मच्छीमार, शाळेचा शिपाई आणि मी, असं आम्ही त्यांना नेलं. कारखान्यातलं कुणी आलं नाही. पाद्रीही मिळाला नाही, तेव्हा हानाबाईंनीच जर्मनमध्ये प्रार्थना म्हटली. अर्ध्यावर त्या अडखळल्या. त्या प्रार्थनेचं मराठी साहेबांनी एकेक जर्मन ओळ म्हणून माझ्याकडून घोटून घेतलं होतं, त्यामुळे अडखळल्या कुठे ते मला कळलं: आम्ही जशी इतरांना क्षमा केली, या शब्दांपाशी. मग त्यांनी ते शब्द सावकाश, एकेक करून म्हटले आणि पुढे गेल्या...

मालकाने साहेबांची खोली अजून कुणाला दिलेली नाही; किल्ली बाईंकडेच आहे. गेल्या रविवारी तिथून जाताना खिडकी उघडी दिसली, म्हणून डोकावलो. आत कुणी नव्हतं. खुंटीला उपदेशाच्या वेळचा त्यांचा काळा झगा होता. वखार गेल्यापासून त्यांनी तो अंगाला लावला नव्हता. त्यांच्या आजारात मी पाहिला तेव्हा कोपऱ्यात पडून त्याला बुरशी आली होती. आता बाईंनी तो धुऊन, इस्त्री करून तिथे लावला होता.