शॉकअपचं तेल आणि मामांचं माप

नव्वदीच्या मधल्या वर्षांत आम्ही तिसगावात राहत होतो आणि माझी शाळा तिथून नऊ किलोमीटरवर एका वस्तीवर होती. पहिले चार किलोमीटर डांबर, पुढचे पाच रोजगार हमीचा रस्ता. म्हणजे खडी फोडून झाली, पसरून झाली, आणि रोलर काही आला नाही. एकशिक्षकी शाळा, त्यामुळे मी गेले नाही तर शाळाच भरली नाही. वस्तीपर्यंत एसटी नव्हती. आमचे हे मला मोटरसायकलवर सोडायचे आणि तिथूनच पाथर्डीला ऑफिसात जायचे.

त्याआधी मला दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं होतं. आता तिसरी खेप होती. नगरच्या डॉक्टरीणबाई "जपा" एवढंच म्हणाल्या. काय जपायचं ते मला अख्ख्या गावाने समजावून सांगितलं. हादरे. गाडीवर बसू नकोस गं बाई, हादऱ्यानं पोट पडतं. पाणी भरायला आलेली बाई सांगायची, पोस्टमन सांगायचा. सांगणं सोपं होतं. माझी रजा आधीच्या दोन खेपांत संपली होती आणि शाळेला पाय फुटून ती तिसगावात येणार नव्हती.

मागचे शॉकअप यांनी आधीच नवे टाकून घेतले होते. पुढच्यांची रड राहिली. चाक खड्ड्यात गेलं की खाली ठक्कन आवाज व्हायचा आणि तो माझ्या दातांपर्यंत यायचा. गावातला मिस्त्री म्हणाला, तेल पातळ झालंय, गाडी टाकून जा, चार दिवसांनी बघतो. चार दिवस! आमच्या यांचा तसाही मिस्त्री लोकांवर भरवसा नव्हता. गाडीबरोबर आलेलं छोटं पुस्तक त्यांनी जपून ठेवलं होतं, आणि ते एकदा उघडलं की हे स्वतःला इंजिनिअर समजायचे. नगरहून शॉकअपच्या तेलाची बाटली आणली आणि एका रविवारी सकाळी अंगणात गाडी मेन स्टँडला लावली.

घरात आम्ही तिघंच. तिसरे माझे सासरे. त्यांना मी मामा म्हणायचे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. मामांच्या दोन म्हशी होत्या आणि गावात दुधाचे रतीब होते. चाळीस वर्षं तोच धंदा. सकाळचं दूध घालून ते नुकतेच आले होते आणि किटली उपडी घालून यांचा उद्योग बघत बसले होते.

यांनी इंजिनाखाली लाकडाचा ओंडका सरकवून पुढचं चाक अधांतरी केलं. पुढच्या शॉकअपच्या दोन्ही नळ्यांच्या तळाचे स्क्रू काढले, खाली घमेलं ठेवलं, वरचे बोल्ट सोडवले आणि चाक खालून उचलून उचलून आतलं तेल पिळून काढलं. ते काळं होतं, पाण्यासारखं पातळ होतं आणि त्याला कुबट वास येत होता. मला आधीच मळमळायचं, म्हणून मी लांब ओट्यावर जाऊन बसले. पण बघत होते. माझ्यासाठी चाललं होतं ना सगळं.

पुस्तकात लिहिलं होतं, एका नळीला दीडशे मिली. आता मोजायचं कशाने? मी म्हटलं, "खोकल्याच्या औषधाचं टोपण घ्या. दहा मिलीचं आहे. पंधरा टोपणं एका बाजूला, पंधरा दुसऱ्या."

मामांना ते लागलं. "माजी मापं घरात आस्ताना टोपनानं मोजताय व्हय? लोक हसतील की."

ते उठले आणि लांब दांडीची ॲल्युमिनियमची दोन मापं घेऊन आले, एक शंभराचं, एक पन्नासचं. चूक काहीच नव्हती त्यात. शंभर आणि पन्नास दीडशे. यांनी नरसाळं धरलं, मामांनी माप भरलं आणि ओतलं.

आता आमच्याकडे दूध कसं घालतात ते सांगायला हवं. माप भरून भांड्यात ओतलं की हात थांबत नाही. त्याच मापाने किटलीतलं थोडं पुन्हा उचलायचं आणि वर एक धार सोडायची. ती हिशेबात नसते. ती न सोडणाऱ्याला कोरड्या मापाचा म्हणतात आणि त्याच्याकडे दुसऱ्यांदा कोणी रतीब लावत नाही. मामांची धार गावात नावाजलेली होती. घरात लहान मूल असेल तर जरा जास्तच.

तर मामांनी शंभराचं माप ओतलं आणि वर धार सोडली. पन्नासचं ओतलं आणि वर धार सोडली. मग दुसऱ्या नळीला तसंच. सगळं झाल्यावर बाटलीत उरलं होतं तेही दोन्हीकडे थोडं थोडं सोडलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "दोन जिवांची बसनार हाय. उपाशी नको ठिवायला." हे खाली मान घालून नरसाळं सांभाळत होते. मी मात्र समोर बसून सगळं पाहत होते आणि मला त्यात काहीच वावगं दिसलं नाही. माप असंच घालतात. कोणीही असंच घातलं असतं, मीसुद्धा.

सोमवारी गाडीवर बसले आणि खडी लागल्याबरोबर कळलं की आधीचं बरं होतं. पुढचं चाक जणू पहारेवर बसवलंय. प्रत्येक दगड सरळ अंगात यायचा. हे म्हणाले, "नवं तेल आहे, बसेल." रोज विचारायचे, "आज कसं वाटलं?" आणि मी रोज म्हणायचे, "बसेल म्हणालात ना?" एका हाताने सीटची पट्टी आणि दुसऱ्या हाताने पोट धरून मी बारा दिवस त्या रस्त्याने गेले आणि आले. भीती वाटायची. रडू यायचं, ते मी वर्गात शिरायच्या आत आवरायचे.

तेराव्या दिवशी डाव्या नळीचं सील फुटलं आणि तेल ओघळून चाकापर्यंत आलं. यांनी पुन्हा गाडी उघडली. या वेळी उजव्या नळीतलं तेल औषधाच्या टोपणाने मोजलं, एकेक टोपण मोठ्याने म्हणत. पंधरा झाली, अठरा झाली, एकवीस झाली. एकवीसला हे थांबले आणि मामांकडे बघायला लागले.

"आबा, किती घातलं होतं तुम्ही?"

"दीडशेच की. वर धार."

"धार?"

"मंग? घरच्या गाडीला कोरडं माप घालू व्हय?"

यांना हसू फुटलं. खरं तर हसण्यासारखंच होतं. नळीत वर थोडी हवा राहावी लागते, ती जागाच मामांनी प्रेमाने भरून टाकली होती. पण मला हसू आलं नाही. बारा दिवस माझ्या अंगातून गेले होते. मी ओट्यावरून म्हटलं, "मामा, ते दूध नव्हतं. आणि ऐकून ठेवा, उद्या माझं काही बरंवाईट झालं ना, तर ते तुमच्या या धारेमुळे झालं असं मी साऱ्या गावाला सांगेन."

यांचं हसू गेलं. मामांनी मापं उचलली, राख लावून घासली आणि आत नेऊन ठेवली.

नवी सीलं बसली, तेल टोपणाने मोजून गेलं, आणि गाडी खरोखर मऊ झाली. तिसरा महिना सरला, चौथा सरला. गावातल्या बायका आता माझं तोंड उजळलंय म्हणायला लागल्या. मीही मनात नावं ठरवायला लागले होते.

पाचव्या महिन्यात एका रविवारी मी घरात पाटावर बसून चाचणीचे पेपर तपासत होते. तीन दिवस गाडीवर बसलेच नव्हते, शाळेला सुट्टी होती. तिथेच दुखायला लागलं. जीप करून नगरला गेलो. काही उपयोग झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा हे औषधं आणायला खाली गेले होते. मी त्यांना विचारलं, "हादऱ्यांमुळे झालं का?" त्या म्हणाल्या, "नाही हो. पिशवीचं तोंड सैल आहे, ते आधीच उघडलं. तुम्ही पलंगावर झोपून राहिला असतात तरी हेच झालं असतं. पुढच्या वेळी टाका घालू." मी पुन्हा विचारलं, बारा दिवस फार हादरे बसले होते, म्हणून तर नाही? त्या म्हणाल्या, "रस्त्याचा काही संबंध नाही, बाई. मनातून काढून टाका." हे वर आले तेव्हा त्या दुसऱ्या खाटेपाशी गेल्या होत्या. यांनी विचारलं, काय म्हणाल्या? मी म्हटलं, आराम करा म्हणाल्या.

मी असं का म्हणाले ते तेव्हा मला कळत नव्हतं. आता कळतं. रस्त्यामुळे नाही, तेलामुळे नाही, तर मग माझ्यामुळे. माझ्याच अंगात खोट. ते मला कोणाला सांगायचं नव्हतं. आणि घरी चूक करणारा माणूस तयार होता.

घरी आल्यावर हे वडिलांशी बोलेनासे झाले. भांडले नाहीत, नुसते बोलेनासे झाले. ताट घेऊन वेगळे ओट्यावर बसायचे. मी एक शब्द काढला असता तर ते मिटलं असतं. मी काढला नाही. चार महिने काढला नाही. मामा पहाटे धारा काढायचे, रतीब घालायचे आणि म्हशींपाशी बसून राहायचे. गावातल्या बायका मला म्हणायला लागल्या, "तुझा सासरा आता कोरडं माप घालतो गं, काय झालं म्हाताऱ्याला?" मी म्हणायचे, वय झालं. मनातून मला बरंही वाटायचं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटायचं.

एके दिवशी दुपारी मी शाळेतून आले तर मामा गोठ्याच्या दारात बसले होते. जेवलेले नव्हते. भाकरी झाकलेली तशीच होती. मी म्हटलं, "मामा, जेवला का नाहीत?" तर म्हणाले, "भूक न्हाई." आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरी, मला ठावं न्हवतं गं. तेलाला धार चालत न्हाई, हे मला कोनी सांगितलंच न्हाई कधी."

माझ्याने राहवलं नाही. मी तिथेच खाली बसले आणि सांगून टाकलं. हादऱ्याने झालं नव्हतं. डॉक्टर म्हणाल्या होत्या, रस्त्याचा काही संबंध नाही. माझीच पिशवी कमजोर आहे.

मामांनी विचारलं, "कवा म्हनली डाक्टरीन?"

"तेव्हाच. दुसऱ्या दिवशी सकाळी."

ते मान हलवत राहिले. मला वाटलं आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या.

"त्याला ठावं हाय?" त्यांनी विचारलं. यांच्याबद्दल.

"नाही."

"मंगळवारी तपासायला जानार हायेस ना नगरला?"

"हो."

"मंग मंगळवारीच सांगितलं म्हन डाक्टरनीनं. तवाचं म्हनू नको. लई चिडंल तुझ्यावर."

मी तसंच केलं. मंगळवारी नगरहून येताना गाडीवर यांना सांगितलं, आज डॉक्टर असं असं म्हणाल्या. यांनी गाडी रस्त्याच्या कडेला उभी केली आणि कितीतरी वेळ तसेच बसून राहिले. संध्याकाळी ताट घेऊन वडिलांशेजारी जाऊन बसले आणि म्हणाले, "आबा, माझं चुकलं." मामा म्हणाले, "जेव गपचिप." मी दोघांना वाढत होते. मामांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.