सोमवारची दक्षिण, बुधवारची पूर्व

आमच्या शाळेत प्रत्येक वाराला एक काम वाटून दिलेलं होतं. सोमवारी अंगणात उभं राहून दिशा. मंगळवारी पावकी-निमकीचे पाढे, तेही घसा बसेपर्यंत. बुधवारी नकाशा. गुरुवारी टकळी, कापूस पिकवणाऱ्यांची पोरं आम्ही, पण सूत असं निघायचं की गुरुजी कपाळाला हात लावायचे. शुक्रवारी शाळेमागच्या वाफ्यात मेथी आणि मुळा. शनिवारी सकाळची शाळा, म्हणजे पोरींनी सारवायचं आणि पोरांनी कवायत करायची. पोरांनी का सारवायचं नाही, असं मी एकदा विचारलं होतं. त्याचं उत्तर मला अजून मिळायचंय.

मी पाचवीत होते. पाचवीत आम्ही दोनच पोरी. त्यातली दुसरी माघात लग्न होऊन गेली, तेव्हा उरले मी. गाव तापीपासून थोडं आत, सातपुड्याच्या बाजूला. शाळा चावडीला लागून एक लांबट खोली. गुरुजी नगरकडचे, त्याच वर्षी बदलून आलेले. माणूस गरीब, कामाला चोख. पण त्यांना आमची अहिराणी कळायची नाही आणि आम्हाला त्यांची शुद्ध मराठी निम्मीच कळायची. दोन्ही बाजूंनी मान डोलवून आमचं शिक्षण चाललं होतं.

आता माझा घोळ सांगते. सोमवारी सकाळी गुरुजी आम्हाला अंगणात रांगेत उभं करायचे. तोंड उगवतीकडे, दोन्ही हात पसरलेले. मग सगळ्यांनी एका सुरात ओरडायचं, "समोर पूर्व, पाठीमागे पश्चिम, उजव्या हाताला दक्षिण, डाव्या हाताला उत्तर!" हे मला झकास कळलं होतं. उजवा हात म्हणजे दक्षिण. विषय संपला.

मग यायचा बुधवार. जिल्ह्याचा नकाशा म्हणजे शाळेतली सर्वांत थोर वस्तू. मागून कापड लावलेला, वरखाली लाकडी दांडे, आणि हात लावाल तर खबरदार! त्यात तापी निळी होती आणि सातपुडा सुरवंटांच्या रांगेसारखा काढला होता. नकाशा टांगायचा तो समोरच्या भिंतीवर, कारण खिळा तिथंच होता. गुरुजी छडी फिरवून म्हणायचे, "वर उत्तर, खाली दक्षिण, उजव्या हाताला पूर्व, डाव्या हाताला पश्चिम."

अहो, पण परवा तर उजव्या हाताला दक्षिण होती!

आणि गंमत इथंच संपत नव्हती. नकाशाकडे तोंड करून बसलं की माझ्या उजव्या हाताला गुरांचं डबकं यायचं, आणि रोज संध्याकाळी सूर्य मावळायचा तो त्या डबक्यापलीकडे. म्हणजे सोमवारी उजवीकडे दक्षिण, बुधवारी उजवीकडे पूर्व, आणि माझ्या डोळ्यांनी बघावं तर उजवीकडे मावळती. एका हाताला तीन मालक झाले. सातपुडा तर उघड्या दारातून आमच्या पाठीमागे दिसायचा, आणि आम्ही त्याच्याकडे पाठ करून त्याला भिंतीवर शोधत बसायचो.

बाकीच्या पोरांना याचं काही नव्हतं. सोमवारी सोमवारचं म्हणायचं, बुधवारी बुधवारचं, पोट भरून भाकर खायची. मला ते जमेना. एखादी गोष्ट डोक्यात बसली नाही की माझा संताप व्हायचा, अजूनही होतो. एका बुधवारी मी उभी राहिले आणि विचारलं, "गुरुजी, सोमवारी पूर्व समोर असते, ती बुधवारी उजवीकडे कशी जाते?"

वर्ग खो खो हसला. गुरुजी मात्र हसले नाहीत. त्यांनी नकाशाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, पुस्तक उघडून दोन पानं चाळली. ते गोंधळले होते, हे मी शपथेवर सांगते. मग पुस्तक मिटून म्हणाले, "बुधवारी बुधवारचं विचारावं. धर अंगठे!"

मी अंगठे धरले. खाली डोकं घालून पायांमधून मागं पाहिलं, तर दारात सातपुडा उलटा लटकलेला. आता हे आणखी एक! त्या दिवशी मला रडू आलं ते पाठ दुखली म्हणून नव्हे. सगळ्या जगाला ठाऊक असलेली गोष्ट माझ्यापासूनच कुणी लपवून ठेवली आहे, असं मला वाटलं म्हणून.

ही नुसती डोक्याची खाज असती तर सोडून दिली असती. पण त्या वर्षी माझं सगळं पाचवीच्या परीक्षेवर टांगलेलं होतं. आमच्या गावात शाळा पाचवीपर्यंतच. पुढं शिकायचं तर तालुक्याला मामाकडे राहायचं. माय म्हणायची, "पोरगी वाया जाई ऱ्हायनी." आत्यानं आणलेलं स्थळ तर तयारच होतं. मी जेवण सोडून रुसून बसले, तेव्हा नाना, म्हणजे माझे वडील, सगळ्यांसमोर म्हणाले, "साहेब जे बोलतीन ते करसूत. पास बोलनात तं मामाकडे धाडसूत, नही तं घर." साहेब म्हणजे परीक्षा घेणारे डिपोटी. नानांना स्वतःला सहीपुरतं लिहिता यायचं. डिपोटी म्हणजे त्यांच्या लेखी कलेक्टरच्या खालोखाल. त्यांनी असं म्हटल्यावर मायही गप्प झाली. आणि मी हिशेब केला, पास झाले की सुटले.

परीक्षेत दिशा आणि नकाशा हमखास विचारतात, असं गुरुजींनी बजावलं होतं. म्हणून एका संध्याकाळी पाटीवर नकाशा काढून मी नानांसमोर ठेवला आणि माझं दुखणं सांगितलं. ते बैलांना वैरण टाकत होते. त्यांनी हात झटकले, पाटी घेतली, आडवी केली, उभी केली, उलटी केली, डोक्यावरचा रुमाल काढून डोकं खाजवलं. शेवटी पाटी परत देऊन म्हणाले, "सोमवारनं ध्यानमा ठेव. बुधवारनं ऱ्हाऊ दे."

सल्ला चांगला होता, पण परीक्षा निघाली गुरुवारी. आणि गुरुवारी पूर्व कुठं असते ते मला कुणीच शिकवलं नव्हतं. गुरुवारी आम्ही टकळी फिरवायचो.

परीक्षा केंद्राच्या गावाला, तापीकाठी. नानांनी पहाटे गाडी जुंपली. मी आमच्या शाळेपुरती एक युक्ती घोकून ठेवली होती, नकाशा जे सांगेल त्याच्या नेमकं उलट बोट दाखवायचं. आमच्या खोलीत ती बरोबर लागू पडायची, का ते देव जाणे. पण केंद्राच्या शाळेत शिरले, तर ती युक्तीच फुकट. इथं नकाशा भलत्याच भिंतीवर! उलट म्हणावं तर उलट नव्हतं, सुलट म्हणावं तर सुलटही नव्हतं.

साहेब खुर्चीवर बसले होते. काळा कोट, डोक्याला पगडी, आवाज मऊ. शेजारी आमचे गुरुजी घाम पुसत उभे. पोरांना पाढे, कविता, हिशेब विचारून झाले. माझी पाळी आली. साहेब म्हणाले, "हं मुली, या नकाशावर सातपुडा दाखव."

मी सुरवंटांवर बोट ठेवलं.

"छान. आता तोच सातपुडा इथून कुठल्या बाजूला आहे, हात करून दाखव बरं."

माझ्या आधीच्या पोरांनी या प्रश्नाला आढ्याकडे हात केले होते, कारण सुरवंट नकाशात वरच्या अंगाला होते. साहेबांनी फक्त मान हलवली होती. मी हात उचलला आणि तो तसाच अधांतरी राहिला. सोमवार आठवला, बुधवार आठवला, अंगठे धरून पाहिलेला उलटा डोंगर आठवला. खोलीच्या दारातून सातपुडा निळा निळा दिसत होता. तो जागचा हलला नव्हता. हलत होता तो हा मेला नकाशा.

मला एवढा राग आला की मी सरळ जाऊन नकाशा खिळ्यावरून काढला.

"अगं! अगं ए!" गुरुजींचा आवाज चिरकला. मी ऐकलं नाही. नकाशा सारवलेल्या जमिनीवर पसरला, दोन्ही गुडघे टेकले, आणि भाकरी तव्यावर फिरवावी तसा फिरवत नेला, सुरवंट दाराकडे येईपर्यंत. मग थांबले. सुरवंटांच्या पुढं दार, दारापुढं डोंगर. निळी रेघ माझ्या मागं, आणि खोलीच्या मागं खरी तापी. नकाशातली मावळती आणि बाहेरची मावळती एकीकडेच. मी पुनःपुन्हा पाहिलं. कुठंच भांडण उरलं नव्हतं.

"सातपुडा तिकडे," मी म्हणाले. "आणि हा पण तिकडे."

माझ्या मनात आलं, संपलं, आता नापास. सरकारी नकाशा जमिनीवर! मग साहेब खुर्चीवरून उठले, माझ्या शेजारी उकिडवे बसले आणि गुरुजींकडे बघून म्हणाले, "मास्तर, हे तुम्ही शिकवलंत?" गुरुजींनी आधी नाही म्हणून मान हलवली आणि मग हो म्हणून. बिचारे! त्यांचं तोंड पाहून मला हसूच फुटलं.

संध्याकाळी साहेबांनी ओटीवर उभं राहून निकाल सांगितला. मी पास, आणि वर "हुशार मुलगी" असा शेरा. नाना निंबाखाली इतर बापांबरोबर बसले होते. ते लगबगीनं पुढं आले, हात जोडले आणि आपली जपून ठेवलेली मराठी काढून म्हणाले, "साहेब, मुलगीला तालुक्याला शिकवावी म्हणतो. आपण सांगाल तसं."

साहेब प्रेमानं हसले. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "शिकली तेवढं पुष्कळ झालं हो. तिकडे मुलींची काही सोय नाही. हुशार पोर आहे, चांगलं घर बघा आणि देऊन टाका."

"जी," नाना म्हणाले.

मी ऐकलं, पण मला काही समजेना. त्या हाताचं वजन डोक्यावर असतानाच मी साहेबांच्या तोंडाकडे बघत होते. तोच माणूस, तोच मऊ आवाज. मी नकाशा नीट लावला होता ना? मग हे उलटं कसं झालं? गुरुजी खांबाआड होते.

गाडी निघाली. नानांच्या पाठीमागे मी पेंढ्यावर बसले. केंद्राच्या गावाबाहेर चिंचेजवळ वाट फुटते. एक वाट डोंगराच्या अंगानं आमच्या गावाला जाते, दुसरी तालुक्याला. तिथं नानांनी बैल थांबवले. का थांबवले ते मला कळेना. बैल दोघेही वाट ओळखणारे, त्यांना कधी थांबवावं लागायचं नाही.

"पास बोलनात ना साहेब?" नानांनी पुढं बघूनच विचारलं.

"हां."

"मंग पुढे नको, हाई बी बोलनात."

"हां."

"मंग मी काय करू?"

माझ्या बापानं मला असं कधी विचारलं नव्हतं. त्यांचा आवाज पाटी उलटीसुलटी करताना होता तसाच होता. मला त्यांची दया यायला हवी होती. पण माझा स्वभाव तो! दिवसभराचं सगळं एकदम उसळून आलं आणि मी ओरडले, "नाना, मन्हा बाप कोन शे? साहेब का तुम्ही?"

त्यांनी वळून पाहिलं. आता थोबाडीत बसणार, म्हणून मी गुडघ्यांत डोकं घातलं आणि डोळे घट्ट मिटून घेतले. थोबाडीत काही बसली नाही. नानांनी बैलांना हाक दिली आणि गाडी हलली. मी तशीच रडत राहिले. घर येईल, माय दारात असेल, आत्याच्या स्थळाची बोलणी उद्याच सुरू होतील, आणि पेटीत भरून ठेवलेले दोन परकर परत काढून ठेवावे लागतील. मामाकडे नेण्यासाठी ते मी मायच्या नकळत भरले होते.

थोड्या वेळानं कपाळाला ऊन लागलं. मी डोकं वर केलं, तर डोळे दिपले. मावळता सूर्य तांबडालाल, अगदी समोर, बैलांच्या शिंगांमध्ये. मी गोंधळले. घराकडे जाताना डोंगर समोर हवा. उजवा हात उचलला. सातपुडा त्या हाताला होता. म्हणजे आज उजवीकडे उत्तर! हे सोमवारीही शिकवलं नव्हतं आणि बुधवारीही नव्हतं. मला वाटलं, रडण्याच्या नादात माझंच काही चुकतंय, नाही तर नानांचं डोकं ठिकाणावर नाही.

"नाना," मी घाबरून म्हणाले, "वाट चुकली. हाई घरनी वाट नही."

नानांनी मागं वळून पाहिलं नाही.

"माले ठाऊक शे," ते म्हणाले. "नीट बठ. मामानं घर लांब शे."