ट्रामआबांची टाच

ट्रामआबा रस्त्यानं निघाले की गावचा वळूसुद्धा बाजूला व्हायचा. आबा कुणासाठी रेघभर वाकडे चालायचे नाहीत. समोर माणूस आला की उजवी टाच दोनदा आपटायची. तरुणपणी त्यांनी मुंबईत ट्राम चालवली होती आणि तिची घंटा पायानं वाजवायची असे. ट्राम बंद पडून जन्म लोटला, टाच चालूच. आपटून आपटून त्यांच्या ओट्यावर एवढा खळगा पडला होता, की त्यात कोंबडी अंडी घालायची. खोटं वाटत असेल तर कोंबडीला विचारा.

मुंबईतलं कौतुक त्यांना एकाच गोष्टीचं. "म्हातारी दिसली की आमी गाडी हळू करायचो, गड्या. ती चढली, पदर सावरला, मगच घंटा. रस्ता माणसाचा हाय."

मग आमचा साताऱ्याचा हायवे सहापदरी झाला. गाव अलीकडे, आबांचं रान पलीकडे. दुभाजकातली वाट एका सकाळी बंद झाली आणि भुयारी रस्ता कोसभर लांब. त्याच संध्याकाळी काकी, म्हणजे आबांची बायको, वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन निम्मा हायवे ओलांडून दुभाजकावर चढली आणि तिथंच अडकली. दोन्हीकडनं ट्रक. एकेका ट्रकच्या वाऱ्यानं भारा असा हेलकावे खायचा, की काकी आता उडून थेट कऱ्हाडातच उतरते असं वाटावं.

आबा आणि मी अलीकडे उभे. "काकी, भारा टाक!" मी ओरडलो.

"मग म्हशीला काय तुझी विजार घालू रं?"

आबांनी टाच आपटली. पुन्हा आपटली. त्या गोंगाटात ती मलाच ऐकू आली नाही. मग ते सरळ रस्त्यात उतरले. मी बाही धरली. बाही माझ्या हातात, आबा रस्त्यात. हात वर करून चाललेले. पहिला ट्रक किंचाळत त्यांच्यापासून वीतभर अंतरावर थांबला. मागं पार साताऱ्यापर्यंत गाड्या तुंबल्या, असं मी सांगत असतो. पण ती वीत खरी.

हाताला धरून त्यांनी काकीला अलीकडे आणलं, भाऱ्यासकट.

"उद्यापासनं रानात जायचं न्हाई," आबा म्हणाले, आणि शिव्या खायला सज्ज झाले. साठ वर्षांच्या संसारात काकीनं नवऱ्याचं एकही बोलणं भांडल्याशिवाय ऐकलं नव्हतं.

काकीनं भारा खाली टाकला. पलीकडच्या रानाकडं बघितलं.

"बरं," म्हणाली.

ट्रकपुढं न डगमगलेले आबा तिथंच मातीत मटकन बसले.