विश्वनाथनं मागे घेतलेली साक्ष

खापरखेड्याच्या वीज केंद्रात बॉयलरवर मी आणि विश्वनाथ तीस वर्षं सोबत होतो. अंगाला कितीही झळ लागो, हा गडी दाबाचा काटा पाहिल्याशिवाय नोंदवहीत आकडा टाकायचा नाही. मी एकदा अंदाजानं लिहिला, तर यानं दिवसभर माझा डबा लपवून ठेवला. वांग्याची भाजी होती त्यात. असो, ती गोष्ट वेगळी.

रिटायर झाल्यावर त्याच्या बायकोच्या, प्रेमिलाच्या गळ्याला गाठ आली. चर्चच्या उपास-प्रार्थनेत हा तिच्या डोक्यावर हात ठेवून रडला. हाताला ऊब जाणवली म्हणे. रविवारी उपासनेत उभा राहून म्हणाला, "प्रभूनं गाठ काढली." टाळ्याच टाळ्या. पाळकांनी त्याला साक्ष द्यायला पारशिवनीच्या चर्चमध्येही नेलं. मीही रडलो, खोटं कशाला सांगू.

पंधरा दिवसांनी सोनोग्राफी झाली. गाठ होती तेवढीच.

"मी तं त्याच दिवशी सांगून राहिली होती," प्रेमिला म्हणाली. "गळ्याले बोट लावून पाहाची तुमाले फुरसत कुठं होती?"

त्याच आठवड्यात आमच्याच मंडळीतला देवराव लंगडत आला. त्याला जुनी शुगर. "तुही साक्ष ऐकली अन् मी इन्सुलिन सोडलं गा," म्हणाला. पायाचा अंगठा काळा पडला होता.

विश्वनाथ तडक पाळकांकडे गेला. रविवारी उभा राहून साक्ष मागे घेतो म्हणाला.

"काहून उभे राहाता?" पाळक म्हणाले. "लोकाईचा विश्वास डळमळंन. ऑपरेशन गुपचूप करून घ्या ना."

तरी रविवारी तो उभा राहिला. "गाठ हाये. मले जे वाटलं, ते मी देवाच्या नावावर सांगतलं. चूक माही. देवराव, सुई घे."

माईक बंद झाला, गीत सुरू झालं. गीतावरून ओरडून त्यानं तेच पुन्हा सांगितलं. मागून कोणी बोललं, "स्वतःचा विश्वास कमी, अन् देवाले खोटं पाडून राहिला."

प्रेमिलाचं ऑपरेशन झालं. देवरावचा अंगठा गेला, पाय वाचला. सुई घेतो आता, पण विश्वनाथ दिसला की तोंड फिरवतो. शास्त्रपाठ वाचणारा आमचा विश्वनाथ हल्ली चपलांजवळ, शेवटच्या बाकावर बसतो. बाकावर आम्ही दोघंच.

मी विचारलं, "वाईट नाही वाटत?"

"वाटते ना गा," तो म्हणाला. "पण वाटण्यावरच तं गेलो होतो पहिल्यांदा."