पारखलेलं वचन

आमच्या मंडळीत भविष्यवाणीची एक रीत होती. उपास-प्रार्थनेला कुणी उभं राहून "प्रभू असं म्हणतो" म्हटलं, तरी लगेच आमेन म्हणायचं नाही. पास्टर आणि दोन वडीलधारे चर्चमागच्या खोलीत जात, दार लावत, गुडघे टेकत, शास्त्राशी ताडून बघत. तोवर बाहेर आम्ही गाणी म्हणत बसायचो. परत आल्यावर पास्टर एकच शब्द बोलत. "ठेवा" म्हणाले तर ते वचन बाजूला पडे, विषय संपला. "पारखलं" म्हणाले, की ते वचन बोलणाऱ्याचं एकट्याचं राहत नसे, सगळ्या मंडळीचं होई. त्याचं पुढे जे बरंवाईट होईल ते सगळ्यांनी मिळून सोसायचं. ही रीत मला फार आवडायची. देव कुणाशी बोलला म्हणून त्या बिचाऱ्याला एकटं पडावं लागू नये, एवढी माणुसकी तिच्यात होती.

खरं सांगायचं तर बहुतेक वचनं साधीसुधीच असत. अमक्याच्या मुलीचं जमेल, तमक्याला प्रवास घडेल. प्रभूला आमच्या मालेगावातल्या सोयरिकींमध्ये फारच रस आहे, असं मी आईला चिडवायची. ती पाठीत धपाटा घालायची, पण हसायचीही.

पास्टर म्हणजे माझा सख्खा मामा, आईच्या पाठचा भाऊ. त्याला प्रार्थना करायला आईनेच शिकवलं. शिकणं सोडून तो गावभर उंडारायला लागला, तेव्हा त्याच्या मागे लागून त्याला बायबल शाळेत धाडलं तेही तिनेच. तो उपदेशाला पुलपिटवर उभा राहिला की आई पहिल्या ओळीत बसून त्याच्या शब्दांबरोबर ओठ हलवायची. तिच्या जगात दोनच माणसं चुकू शकत नव्हती. एक येशू आणि दुसरा हा.

त्या उन्हाळ्यात उपास-प्रार्थनेला आई उभी राहिली. कधी सोयरिकीचंही वचन न बोललेली बाई. तिचा आवाज मला ओळखू येईना. "या देशाचा न्याय दाराशी आला हाये. खुर्चीवरच्यायनं गरिबाचा घास खाल्ला अन् त्याचं रडणंबी दाबलं. मी तुमचा पाऊस नाई रोखणार, मी तुमची झोप रोखीन. पयले माह्या घरापासून सुरू करीन, मंग खुर्च्यायकडे येईन. अजून येळ हाये. वाईट वाटेवरून माघारी फिरा." एवढं बोलून ती मटकन खाली बसली.

मामा आणि दोघं आत गेले. आम्हाला गाणं सुचेना. ते बाहेर आले तेव्हा मामाचे डोळे सुजले होते. त्याने आईच्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "पारखलं." त्या दिवशी मला मामाचा इतका अभिमान वाटला की घरी जाताना मी त्याची बॅग हातात घेतली.

कुणीतरी ते सगळं मोबाइलवर घेतलं होतं. आमच्या ग्रुपवरून ते दुसऱ्या ग्रुपवर गेलं, आणि आठवड्याभरात आमच्या भागातल्या मोठ्या नेत्याच्या कार्यालयातून मामाला फोन आला. मामा घाबरला. त्यात त्याची चूक नव्हती. आधीच लोक आमच्याकडे संशयाने बघतात, त्यात देशाच्या न्यायाची भाषा. शिवाय आमच्या दफनभूमीला भिंत घालून द्यायचा शब्द त्याच नेत्याने दिला होता. माझे वडील तिथेच आहेत आणि त्यांच्यावर ढोरं चरतात. भिंत मलाही हवी होती.

मामा घरी आला, चहा न पिता म्हणाला, "ताई, तू सांगून दे का थे वचन दुसऱ्या देशाबद्दल होतं."

"कोन्त्या?" आईने विचारलं.

"कोन्ताबी. लांबचा."

मला हसू फुटलं. आई हसली नाही. "मले नाव सांगतलं असतं देवानं तं म्या घेतलं असतं," ती म्हणाली. "अन् आता थे माह्यं राह्यलं कुठी? तूच तं पारखलं." मामाने चहाचा कप ओढून घेतला. मला वाटलं, तो उमजला.

मग एका दुपारी नेता स्वतःच आला. जवळच्या शिरपूरला देवदर्शन घेऊन परत निघाला होता म्हणे. माणसं गाडीतच बसवली, दाराशी चपला काढल्या आणि आमच्या प्लास्टिकच्या खुर्चीत अंग चोरून बसला. मामाला त्याने आधीच बोलावून घेतलं होतं. मी दम देणाऱ्या माणसाची तयारी ठेवली होती, चार उत्तरंही घोकून ठेवली होती. पण त्याचे डोळे खोल गेलेले होते.

"मावशी," तो म्हणाला, "तुमी झोपेचं बोलल्या. मले खरंच झोप नाई येऊन राह्यली. याच्यावर उतारा काय?"

सगळे देव, सगळे बाबा करून झालेला माणूस. ग्रहांची शांत कशी करायची, कुठला वार धरायचा, हेच तो विचारत होता. मी तोंड वळवून हसू दाबलं. आईने मात्र खुर्ची त्याच्याजवळ ओढली.

"उतारा नाई बाप्पा. पश्चात्ताप हाये."

"थो कसा करतेत?"

इतक्या साध्या सुरात विचारलं त्याने, की माझं हसू तिथेच मेलं. आई म्हणाली, "ज्याचं घेतलं त्याले वापस देऊन. अन् त्याच्या दारात जाऊन, जसे माह्या दारात आले."

मग तो मामाकडे वळला. "पास्टर, तुमी तं शिकलेले. तुमी सांगा, हे खरंच देवाकडून हाये का?"

मी मामाकडे पाहिलं. एक शब्द. माझ्या देखत, भरल्या चर्चमध्ये तो जो बोलला होता, तोच.

मामा हसला. ते पातळ हसू आजही आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. "नाई साहेब," तो म्हणाला, "भाऊजी गेल्यापासून ताईचं डोकं ठिकाणावर नसते. मंडळीचा याच्याशी काही संबंध नाई. आमी तं तुमच्यासाठी रोज आशीर्वाद मागतो." आणि तिथल्या तिथे उठून, नेत्याच्या डोक्यावर हात ठेवून त्याने प्रार्थना केली. सुखाची, यशाची, दीर्घायुष्याची. आईच्या डोक्यावर ठेवला होता तोच उजवा हात.

प्रार्थना संपेपर्यंत नेत्याचा चेहरा सैल झाला. ओझं उतरलेल्या माणसासारखा तो उठला, आईला दोन्ही हात जोडले, तब्येतीला जपा म्हणाला. जाता जाता भिंतीचंही बघतो म्हणाला. गाडी गेली.

मी मामावर तुटून पडले. काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. जिने तुला माणूस केलं तिला तू येडी ठरवलंस, एवढं एक लिहिते. मामा खाली मान घालून ऐकत होता. आईने मला हाताने थांबवलं. मला वाटलं, आता ती स्वतःसाठी बोलेल, निदान रडेल तरी.

"मले येडी म्हटलं, म्हण," ती मामाला म्हणाली. "पण थो माणूस भेला होता रे. माघारी फिराले आला होता. अन् तू त्याले झोपवून वापस धाडलं."